फूटपाथची कड कापली तेव्हा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे वाळवंटी शहर आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या डनबार-स्प्रिंग नावाच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या ब्रॅड लँकेस्टर या माणसाने एका रविवारी आपल्या घरासमोरच्या फूटपाथची काँक्रीटची कड कापली. रविवार मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी महापालिकेचे कोणी कामावर नसते. काम बेकायदेशीर होते. रस्त्याच्या कडेला हात लावायची परवानगी तेव्हा सामान्य नागरिकाला मिळत नसे.

त्याने केले ते इतकेच : रस्त्याच्या कडेने वाहून जाणारे पावसाचे पाणी त्या कापलेल्या जागेतून आत वळवले. आत, कड आणि पायवाट यांच्यामधल्या मातीच्या पट्ट्यात, वीतभर खोल पसरट खड्डा होता आणि त्यात झाड. पाऊस पडला की रस्ता झाडाला पाणी पाजणार. नळाचे पाणी लागणार नाही, टँकर लागणार नाही.

२००७ मध्ये महापालिकेने अशी कड कापण्याला रीतसर परवानगी द्यायला सुरुवात केली. २०१३ पासून सरकारी पैशाने होणाऱ्या रस्त्यांवर असे खड्डे आणि झाडे हा धोरणाचा भाग झाला. २०२० पासून शहरातला प्रत्येक नळधारक त्यासाठी पाणीपट्टीबरोबर थोडे पैसे भरतो. एका रविवारच्या बेकायदा कामापासून महापालिकेच्या तिजोरीपर्यंत पोहोचायला पंचवीसएक वर्षे लागली.

मित्रमैत्रिणींनो, टूसॉनचे आपल्या मासिकात काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आपल्या मोहल्ल्यांत रस्ता, गटार, पाणी यांबद्दल बोलायच्या दोनच पद्धती रूढ आहेत. एक, निवेदन देऊन फोटो काढणे. दोन, नगरसेवकाला शिव्या देणे. या शहरातल्या लोकांनी तिसरी पद्धत वापरली, आणि ती नेमकी कशी चालली हे तपशिलात समजून घेण्यासारखे आहे. तपशिलात म्हणतो, कारण धोरण म्हणजे भाषणातली एक ओळ असा आपला समज होऊन बसला आहे.

आधी शहर समजून घेऊ. टूसॉन सोनोरन वाळवंटात आहे, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. वर्षाचा पाऊस साधारण २७० ते ३०० मिलिमीटर. आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरतात, त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. त्यातला जवळपास अर्धा उन्हाळ्यातल्या मोसमी सरींत पडतो आणि त्या मोसमाला तिथले लोक मॉन्सूनच म्हणतात. अरबी ‘मौसिम’ पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि तिथून वाळवंटातल्या या शहरात पोहोचला. आपण त्याच शब्दाचा मोसम केला.

पाऊस कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो. शहरात भूमिगत पावसाळी नाले मोजक्याच भागांत आहेत, बऱ्याच ठिकाणी रस्ता हाच नाला. तासाभरात रस्त्यांच्या नद्या होतात. ॲरिझोनात १९९५ पासून एक कायदा आहे, ज्याला सगळे ‘मूर्ख चालकाचा कायदा’ म्हणतात : पाण्याने बंद केलेल्या रस्त्यावर अडथळे ओलांडून गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च, २,००० डॉलरपर्यंत, तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. दोन तासांनी तोच रस्ता कोरडा ठणठणीत. आठवड्याने त्याच रस्त्याकडेची झाडे पिण्याच्या पाण्यावर जगवावी लागतात. ते पाणी कोलोरॅडो नदीतून कालव्याने शेकडो किलोमीटर लांबून, पंपांनी वर चढवून आणलेले. शहराची स्वतःची सांता क्रूझ नदी भूजल उपसून उपसून विसाव्या शतकातच कोरडी पडली होती.

म्हणजे पाणी फुकट आकाशातून येते तेव्हा आपण ते कचऱ्यासारखे शहराबाहेर हाकलतो, आणि नंतर तेच विकत आणतो. हा विरोधाभास त्या मोहल्ल्यातल्या काही जणांना खुपला.

त्यांना उपाय सापडला तो आफ्रिकेत. १९९५ मध्ये लँकेस्टर झिम्बाब्वेतल्या झ्विशवाने भागात झेफनाया फिरी मासेको या शेतकऱ्याला भेटला. फिरी हे गोऱ्या राजवटीच्या विरोधातले कार्यकर्ते. त्यापायी रेल्वेतली नोकरी गेली, पुन्हा कुठे काम मिळणार नाही अशी तजवीज झाली. हाताशी उरला खडकाळ उताराचा कोरडा तुकडा आणि मोठे कुटुंब. त्यांनी काय केले, तर पाऊस पडताना शेतात उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे पळते ते बघितले. मग वरच्या खडकापासून सुरुवात करून दगडांचे छोटे छोटे बांध घातले, पाण्याचा पळ मोडला, ते जमिनीत मुरवले. वरच्या तळ्याला ते गमतीने पाण्याचे ‘इमिग्रेशन सेंटर’ म्हणत : इथे पाण्याचे स्वागत करायचे आणि मग कोणी कुठे वस्ती करायची ते ठरवून द्यायचे. त्यांच्या घरी पुस्तके दोनच होती, एक बायबल आणि एक शेतीचे. बायबलमधली अदनच्या बागेची गोष्ट ते पाण्याचा धडा म्हणून वाचत. आपल्याकडे धर्मग्रंथ असे वाचणारे फार थोडे निघतील, ते सोडा.

इथे मला मलिक अंबर आठवल्याशिवाय राहत नाही. तोही आफ्रिकेतून आला, गुलाम म्हणून. त्याने वसवलेल्या खडकी गावाला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणारी नहर दिली. नहर-ए-अंबरीचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. तिच्यावर आज कुठे कुठे बांधकामे झाली आहेत हे विचारले की मात्र सभा शांत होते.

टूसॉनलाही हे ज्ञान खरे तर परके नव्हते. तिथले मूळ रहिवासी ओओधम शेकडो वर्षे नाल्यांच्या तोंडाशी पुराचे पाणी पसरवून मका, घेवडा पिकवत आले. स्पॅनिश लोक आले ते ‘असेकिया’ नावाचे पाट घेऊन. असेकिया म्हणजे अरबी ‘अस-साकिया’. स्पेनमध्ये मुसलमानांनी बांधलेल्या पाटांबरोबर तो शब्दही स्पॅनिशमध्ये राहिला. गझलेतला ‘साकी’ त्याच धातूतून आलेला आहे. पाजणारा तो साकी, पाणी पाजणारा पाट ती साकिया.

आता मुद्द्याकडे. कड कापून खड्डा केला, झाड लावले, हे करायला एक दिवस लागतो. पण ते टिकायला आणि शहरभर पसरायला जे लागले ते जास्त कंटाळवाणे आहे, आणि मला त्याचेच अप्रूप वाटते.

सुरुवात मोजण्यापासून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी. दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब रस्त्याचा तुकडा म्हणजे हजार चौरस मीटर. त्यावर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर पाऊस पडला तर १२,७०० लिटर. आपल्याकडचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे एका मध्यम सरीत तेवढ्याशा रस्त्यावरून सव्वा टँकर पाणी वाहून गेले. वर्षाचे २८० मिलिमीटर धरले तर अठ्ठावीस टँकर. मराठवाड्यातल्या ७०० मिलिमीटरला सत्तर. सातवीतला हिशेब आहे. पण हा कागदावर मांडून बैठकीत नेला की समोरच्या इंजिनिअरला तुमच्याशी इंजिनिअरसारखे बोलावे लागते.

मग बारकावे. खड्डा रस्त्याच्या कडेपेक्षा खाली हवा, नाहीतर पाणी आत येणार नाही (हे उघड वाटते, पण सुशोभीकरणाच्या नावाखाली आपण सगळीकडे उलटे करतो, माती कडेपेक्षा उंच भरतो आणि चिखल रस्त्यावर येतो). खड्डा भरला की जास्तीचे पाणी आपोआप रस्त्यावरून पुढच्या खड्ड्याकडे जायला हवे. पाण्याबरोबर गाळ येतो, म्हणून तोंडाशी दगड लावून तो तिथेच बसवायचा, म्हणजे घमेल्याने काढता येतो. झाड खड्ड्याच्या तळाशी लावायचे नाही, थोड्या उंचवट्यावर लावायचे, बुंधा पाण्यात राहता कामा नये. तळाशी पालापाचोळ्याचा थर. पाणी चोवीस तासांत मुरले पाहिजे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, तेव्हा एका दिवसात मुरणाऱ्या पाण्यात डास होत नाहीत. खोदण्याआधी खालून कोणती केबल, कोणती गॅसची पाइप गेली आहे याची चौकशी. गाडीतून उतरणाऱ्याला पाय ठेवायला कडेला सपाट पट्टी. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण खड्ड्यात पाय मुरगळलेली एक व्यक्ती पूर्ण योजना बंद पाडू शकते.

झाडे तिथलीच निवडली : मेस्किट, पालो व्हर्डे, आयर्नवुड. मेस्किट हा आपल्या वेड्या बाभळीचा आणि शमीचा भाऊबंद. त्याच्या शेंगा दळून तिथे पीठ करतात. डनबार-स्प्रिंगमध्ये शेंगा दळायची चक्की आणून लोक जमायचे, त्यातून ओळखी वाढल्या. १९९६ पासून त्या मोहल्ल्याने दरवर्षी झाडे लावली आणि आकडा हजाराच्या वर गेला. हा मोहल्ला श्रीमंत नव्हता. डनबार हे नाव तिथल्या शाळेचे, आणि ती शाळा वर्णभेदाच्या काळात फक्त काळ्या मुलांसाठी होती.

२००७ ची परवानगी ही पहिली पायरी. २००८ मध्ये शहराने नियम केला (अंमल २०१० पासून) की नव्या व्यापारी इमारतींनी आपल्या बागेला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मे पाणी पावसाचे साठवून द्यावे. अमेरिकेतल्या कुठल्या शहराने असा नियम करायची ती पहिलीच वेळ. त्याच सुमारास नव्या घरांमध्ये आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे सांडपाणी वेगळे काढता येईल अशी नळजोडणी ठेवणे सक्तीचे झाले. पाणी वापरायचे की नाही ते घरमालक नंतर ठरवेल, पण पाइप आधीच वेगळा असला पाहिजे. मला हा नियम फार आवडतो. भिंत बांधून झाल्यावर पाइप वेगळा करायचा म्हणजे फरशी फोडावी लागते, बांधताना करायचा तर काही मीटर पाइप लागतो.

२०१३ च्या हरित रस्ता धोरणात दोन आकडे आहेत. सरकारी पैशाने नवा रस्ता होईल किंवा जुना मोठ्या प्रमाणात दुरुस्त होईल तिथे पहिला अर्धा इंच पाऊस रस्त्याच्या हद्दीतच मुरवायचा. आणि झाडे पूर्ण वाढल्यावर पंचवीस टक्के जागेवर सावली पडली पाहिजे. बस्स. ‘पर्यावरणपूरक रस्ता करावा’ असे लिहिले असते तर कोणीही कुंड्या ठेवून फोटो काढला असता. अर्धा इंच म्हटल्यावर नकाशावर खड्डे मोजता येतात, त्यांचे आकारमान बेरजेत घेता येते, आणि ठेकेदाराचे काम पास करायचे की नाही हे सांगता येते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात क्लायंट ‘फास्ट हवे’ म्हणतो तेव्हा आम्ही विचारतो, किती सेकंदांत? तो आकडा लिहून घेतल्याशिवाय कोड लिहायचा नसतो, हे पहिल्या दोन नोकऱ्यांत ठेचा खाऊन कळते.

अर्धा इंचच का, पूर्ण पूर का नाही? कारण वर्षातल्या बऱ्याच सरी लहान असतात आणि रस्त्यावरचे तेल, धूळ, घाण मुख्यतः पहिल्या पाण्याबरोबर वाहते. मोठ्या पुराला ही पद्धत पुरत नाही, आणि तसा दावाही नाही. दुबईत १६ एप्रिल २०२४ ला जे झाले ते आपल्यापैकी अनेकांनी, म्हणजे रत्नागिरी-रायगडच्या घराघरांतल्या माणसांनी, स्वतः पाहिले. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी होते. त्यानंतर दुबईने ‘तसरीफ’ नावाची तीस अब्ज दिरहमची भूमिगत निचरा योजना जाहीर केली. तेवढा पैसा असला तर बोगदे खणावेत. तरी बोगद्याने पाणी समुद्रात जाते, झाडाला मिळत नाही, आणि फूटपाथवर बसच्या रांगेत उभ्या मजुराच्या डोक्यावर सावली येत नाही.

सावली हा शब्द हलका समजू नका. टूसॉनच्या शेजारचे मोठे शहर फिनिक्स. ते ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथे २०२३ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. आणि सावली कुठे नसते? टूसॉनच्या दक्षिण भागात, जिथे मेक्सिकन वंशाची, कमी उत्पन्नाची वस्ती जास्त आहे, तिथे झाडे कमी आहेत आणि जमीन जास्त तापते.

पहिल्या वीस वर्षांच्या चळवळीचे दुबळे अंग मला इथे दिसते. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारे काम जिथे लोकांकडे शनिवार-रविवार मोकळा आहे, घर स्वतःचे आहे, तिथे आधी होते. भाड्याने राहणारा, दोन पाळ्या करणारा माणूस कड कापायला कधी जाणार? आणि झाडे वाढली, गल्ली छान झाली की भाडे वाढते, ही भीती वेगळीच. म्हणून २०२० चा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

त्या वर्षी शहराने पाण्याच्या वापरावर छोटे शुल्क लावले. दर शंभर घनफुटांना, म्हणजे साधारण २,८३० लिटरला, तेरा सेंट. सरासरी घराला महिन्याला एक डॉलरच्या आसपास. जास्त पाणी वापरणारा जास्त भरतो. वर्षाला तीसएक लाख डॉलर जमतात आणि ते पावसाचे पाणी अडवण्याच्या कामांवर खर्च होतात. जिथे उष्णता जास्त, उत्पन्न कमी, तिथे ही कामे आधी घ्यायची असे ठरले. त्यातून नवे खड्डे होतात, आणि जुन्यांची देखभालही होते. देखभाल या शब्दावर दोन मिनिटे थांबा. खड्डा पाच वर्षांत गाळाने भरतो. तोंड बुजते. न समजणारा ठेकेदार येऊन पालापाचोळा ‘कचरा’ म्हणून उचलून नेतो. झाडाची हजामत करतो. मग लोक म्हणतात, बघा, योजना फसली. आपल्याकडच्या वृक्षारोपणाचा इतिहास याहून वेगळा नाही. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप आणि दरवर्षी नवे मंत्री. टूसॉनने देखभालीला कायमचे पैसे बांधून दिले, आणि ते देणगीतून नव्हेत, बिलातून.

या सगळ्यात एक जुना निवाडा मला सारखा आठवतो. मदिनेत महझूर नावाची वादी होती, पावसाळी ओढा. पूर आला की वरच्या शेतकऱ्यांनी पाणी अडवायचे की खाली सोडायचे, यावर भांडण. प्रेषितांचा (स.) निवाडा हदीसच्या संग्रहांत आला आहे : वरच्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे आणि मग खालच्यासाठी सोडून द्यावे. फिकहच्या ग्रंथांत पुढे यावर पानेच्या पाने चर्चा आहे. मी हा दाखला धर्माची मोहर म्हणून देत नाही. टूसॉनच्या महापालिकेला त्याची गरज नव्हती आणि आपल्या महापालिकेलाही नाही. पण वाळवंटातल्या शहरात पुराच्या पाण्याचे धोरण कसे लिहायचे याचा तो नमुना आहे. त्यात मोजता येणारी उंची आहे आणि ती मोजायला पट्टीही लागत नाही. त्यात पाणी जिरवण्याचा हक्क आहे आणि सोडण्याचे बंधनही आहे. टूसॉनचा खड्डा भरला की पाणी शेजाऱ्याकडे जाते, तेच. पाणी-मातीचे असे व्यवहारी प्रश्न आपल्या परंपरेत एकेकाळी मन लावून सोडवले जात. आजचे जुम्म्याचे बयान ऐकून ते कोणाला खरे वाटणार नाही.

आता आपल्याकडे. टूसॉनची नक्कल इथे जशीच्या तशी करू नये, हे आधीच सांगतो. मुंब्रा, कौसा, भिवंडीचा पाऊस वेगळा. तिथे चार दिवसांच्या मुसळधारेत कोणताही खड्डा भरून वाहणार. आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत रस्त्याकडेच्या गटारात पावसाचे पाणी आणि संडासाचे पाणी एकत्र वाहते. तिथे कड कापली तर झाडाला मैला मिळेल आणि बोअरला रोग. गल्ली तीन मीटरची, दोन्हीकडे पायऱ्या, मध्ये बाइक. मातीचा पट्टाच नाही. तेव्हा ज्याला ही कल्पना पटली त्याने उद्या छिन्नी-हातोडा घेऊन बाहेर पडू नये.

पण मोकळी जमीन आपल्याकडे अजिबात नाही असेही नाही. मशिदीचे छप्पर आहे, ईदगाहचे मैदान आहे, कब्रस्तान आहे, उर्दू शाळेचे पटांगण आहे. मालेगाव, जालना, बीड, परभणीसारख्या कमी पावसाच्या गावांत गर्दीच्या वस्तीतली सर्वांत मोठी मोकळी जागा कित्येकदा कब्रस्तान किंवा ईदगाहच असते. तिथे पाणी मुरवायला कोणाची कड कापावी लागत नाही, फक्त जमातीच्या बैठकीत विषय काढावा लागतो. (कब्रस्तानात कबरींच्या जागेपासून दूर, उताराच्या बाजूला. हे सांगायची वेळ येऊ नये, पण सांगितलेले बरे.) आणि वजूचे पाणी. दिवसातून पाच वेळा, साबण नसलेले, जवळजवळ स्वच्छ पाणी आपण गटारात सोडतो आणि त्याच मशिदीच्या अंगणातल्या झाडाला मोटर लावून पाणी घालतो. टूसॉनने घरांना वेगळ्या पाइपची सक्ती केली. आपल्याकडे नवी मशीद बांधताना, जुनीचा वजूखाना दुरुस्त करताना तोच पाइप वेगळा काढायला किती खर्च येईल? कोणत्याही प्लंबरला विचारा. तो आधी हसेल, मग आकडा सांगेल.

रस्त्याबद्दल बोलायचे तर, मी राहतो त्या गल्लीत मागच्या वर्षी रस्ता काँक्रीटचा झाला. कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटेपर्यंत सिमेंट ओतले. मी तक्रार केली, उत्तर आले की काम निविदेप्रमाणे झाले आहे. निविदा मागवून वाचली. ते खरे बोलत होते! बुंध्याभोवती माती सोडावी असे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. माझा राग ठेकेदारावर होता आणि चूक एका न लिहिलेल्या ओळीत होती. ती ओळ निविदा निघण्याआधी कोणीतरी मागायला हवी होती, आणि निविदा कधी निघते हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

तेव्हा तिसरी पद्धत म्हणजे अशी. माहितीच्या अधिकारात आपल्या वॉर्डातल्या पुढच्या वर्षीच्या रस्त्यांची यादी आणि जुन्या कामाची निविदा मागायची. पुण्यात राहत असाल तर महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, त्यात आपल्या प्रभागाची सूचना घालायची. सूचनेत ‘हरित रस्ता’ लिहायचे नाही. झाडाभोवती एवढे फूट बाय एवढे फूट माती, कडेपेक्षा एवढे इंच खाली, असे लिहायचे. शक्य असेल तिथे कॉलेजातल्या सिव्हिलच्या मुलांना बरोबर घ्यायचे. आपल्या मुलामुलींत सिव्हिलवाले भरपूर आहेत, बरेचसे आखातात जायच्या तयारीत आहेत, जाण्याआधी दोन महिने मोकळे असतात. आणि शेजारच्या वस्तीलाही विचारायचे, त्यांचा उतार कुठे जातो. पाण्याला वॉर्डाची हद्द कळत नाही, मोहल्ला आणि वाडी यांच्यामधली तर नाहीच. टूसॉनच्या त्या मोहल्ल्यात काळे, मेक्सिकन, याकी, गोरे सगळे राहत आले आहेत. खड्डा खणताना कोणाचा कोण, हे विचारायला फुरसत नसते.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पहिला पाऊस व्हायचा असेल. या वेळी संपादकांना पत्र नको. तुमच्या मशिदीचे छप्पर, ईदगाह किंवा शाळेचे पटांगण, जे जवळ असेल ते, टेपने मोजा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तिथे अर्धा तास उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठून बाहेर पडते ते कागदावर बाण काढून दाखवा. वजूखान्याचा नळ सोडून एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते तेही लिहा. कागदाचा फोटो आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ते नकाशे छापू. कोणत्या तीन ठिकाणी काम सुरू करायचे ते ठरवायला जुलैच्या शेवटच्या रविवारी बसू. तिथे येताना चहाचे पैसे बरोबर आणा, संस्थेच्या खात्यात फारसे काही नाही.